मस्टर आणि फर्मा

सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं आणि सहयोगी प्राध्यापकाने १४, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम सांगतात. बाहेरच्या माणसाला हा आकडा ऐकून वाटतं, मग काय, उरलेल्या वेळात कादंबऱ्याच लिहायच्या. उरलेल्या वेळात प्रवेश समिती असते, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली असतात, अंतर्गत चाचण्यांचे गुण भरायचे असतात आणि सकाळी वेळेत मस्टरवर सही करायची असते. तरीही मराठवाड्यात कथा-कादंबरी लिहिणारे बरेचसे मास्तरच निघतात. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, रा. रं. बोराडे प्राचार्य होते, भास्कर चंदनशिवांनी मराठी शिकवलं. पगार ठरलेला, उन्हाळ्याची सुटी हक्काची आणि ग्रंथालय पायाशी. एवढ्या सोयी इथे दुसऱ्या कोणत्या नोकरीत आहेत?

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. त्यांना मे महिन्याचा पगार नसतो, त्यामुळे सुटीत लिहा म्हणणं त्यांची थट्टा केल्यासारखं होईल. पुढे लिखाणाचं जे वेळापत्रक सांगतोय ते कायम नोकरीवाल्याचं आहे, हे आधीच कबूल करतो.

पहिला खर्डा मेमध्ये. आमच्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ला जातो आणि दुपारी पंखा गरम वारा फेकतो, म्हणून लिहायची वेळ पहाटे ५ ते ८. रोजचे ५०० शब्द धरले तर २५ दिवसांत साडेबारा हजार होतात, म्हणजे तीन कथा किंवा कादंबरीचा एक बरा तुकडा. रोज दोन हजार लिहीन म्हणणारे चौथ्या दिवशी थकून बसतात. जूनमध्ये त्या कागदांना हात लावायचा नाही. प्रवेशाची गर्दी तो लावूही देत नाही. जुलैत पुन्हा वाचायचं, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं दिसतं आणि कापाकापी सोपी जाते. सत्र चालू असताना नवं लेखन होत नाही, हे एकदा मान्य केलं की चिडचिड थांबते. सत्रात फक्त दुरुस्ती, टंकलेखन आणि प्रुफं. ही कामं अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होतात. कथा तशी होत नाही.

जुलैची घाई दिवाळी अंकांसाठी असते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९मध्ये ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी कथेचं पीक याच हंगामावर आहे. संपादकांची पत्रं मे-जूनमध्ये येतात, मजकूर जुलैअखेर किंवा फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोचावा लागतो. पत्र आलं नाही तरी कथा पाठवता येते, फक्त ती जुलै संपायच्या आधी गेलेली बरी, कारण नंतर अंकाची पानं ठरलेली असतात. लांबी ३ ते ५ हजार शब्द. सात हजारांची कथा संपादकाला आवडली तरी तो कुठेतरी कात्री लावतो, आणि कुठे लावली ते आपल्याला अंक हातात आल्यावर कळतं. एकच कथा दोन अंकांना पाठवू नये. दोन्हीकडे छापून आली की पुढच्या वर्षी दोन्हीकडचं पत्र बंद होतं. अंक पाच-सहाच गाठायचे असले तरी त्यांत आपल्या भागातला एखादा आणि मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ असावं. आपल्या बोलीची कथा तिथे तळटीप न मागता वाचली जाते.

आता मुख्य दुखणं. मास्तर लिहायला बसला की वर्गातला मास्तरही शेजारी येऊन बसतो. तो समजावून सांगतो. कथेत एखादी गोष्ट घडली की लगेच तिचा आशय फळ्यावर लिहितो. खर्ड्यातलं हे वाक्य पाहा: ‘दारात बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर नापिकीने खचलेल्या साऱ्या ग्रामीण जीवनाची व्यथा दाटून आली होती.’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरात शोभेल. दुरुस्तीनंतर त्याचं असं झालं: ‘आई दारात बसली होती. सुपात मूठभर तूर. तेवढीच ती पुन्हा पुन्हा पाखडत होती.’ शब्द जवळपास तेवढेच, पण व्यथा, जीवन, ग्रामीण, नापिकी हे चारही गेले.

हा मास्तर शोधायची युक्ती अगदी यांत्रिक आहे. छापील खर्ड्यावर लाल पेनाने तीन गोष्टींना गोल करायचा. ‘जणू’ आणि ‘जणू काही’. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य, जर ते आधीचाच मजकूर पुन्हा सांगत असेल तर. आणि शेतकरी, स्त्री, समाज, व्यवस्था असे वर्गवाचक शब्द, जिथे खरं तर एखाद्या माणसाचं नाव हवं होतं. पहिल्या खर्ड्यात पानाला पाच-सहा गोल पडतात. निम्मे उडवले तरी कथा मोकळी होते. सगळे उडवायच्या नादात कधीकधी कथा इतकी कोरडी होते की वाचणाऱ्याला कोण कुणाचं काय लागतं तेच कळत नाही, तेव्हा नात्यांची माहिती परत घालावी लागते. ती संवादातून घालावी.

संवाद म्हटला की बोली आली, आणि बोली आली की प्रुफं. मराठवाड्याची बोली एक नाही. नांदेड-लातूरकडे ‘काय करायलास?’, ‘मी जायलो’; बीड-जालन्याकडे ‘कामून आलास?’, परभणी-हिंगोलीकडे ‘महं’, ‘तुहं’ सहज ऐकू येतं. कथेला एक तालुका नेमून द्यायचा आणि पात्राला त्या तालुक्याबाहेर बोलू द्यायचं नाही. दुसऱ्या गावचं पात्र असेल, सासरी आलेली सून समजा, तर तिची बोली मुद्दाम वेगळी ठेवायची आणि ती आयुष्यभर थोडी तरी वेगळीच राहते, हेही लक्षात ठेवायचं. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवायचे की सगळंच बोलीत, हे पहिल्या पानावर ठरवावं. मध्येच बदललं तर वाचक लेखकाची चूक समजतो, आणि बरोबर समजतो.

मग पुस्तक दूरच्या शहरातल्या मुद्रितशोधकाकडे जातं आणि तो ‘काय करायलास’चं ‘काय करतोयस’ करून टाकतो. ‘मोंढा’ची ‘मंडई’ होते, ‘म्हन्ला’चं ‘म्हणाला’. त्याचा दोष नाही, त्याला शुद्ध करायचेच पैसे मिळतात. यावर एकच उपाय लागू पडला: हस्तलिखितासोबत दीडदोन पानांची शब्दयादी जोडायची. डावीकडे कथेतलं रूप, उजवीकडे अर्थ, आणि वर ठळक अक्षरांत ‘ही रूपं बदलू नयेत’. साठ-सत्तर शब्द पुरतात. यादी करताना आपल्यालाच कळतं की ‘म्हन्ला’, ‘मनला’ आणि ‘म्हणला’ अशी तीन रूपं आपणच एका कथेत वापरली आहेत.

टंकलेखनाचा गोंधळ याहून वेगळा. बरेच जुने लेखक अजूनही श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकून घेतात आणि संपादक युनिकोड मागतो. रूपांतर करणाऱ्या प्रणालीतून फाइल काढली की नव्वद टक्के मजकूर नीट येतो आणि उरलेला नेमका वाईट जागी फुटतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात, ‘ॲ’चे दोन तुकडे होतात. सर्वांत चिवट चूक ‘ऱ्या’ची. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘शेतकऱ्या’चं ‘शेतकर्या’. युनिकोडमध्ये साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असं टंकलं की रफारच मिळतो. ‘ऱ्य’साठी नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे दाबल्यावर येतो, मग हलन्त, मग ‘य’. रूपांतरित फाइलमध्ये ‘र्या’ शोधून एकेक जागा हाताने तपासावी. सरसकट बदल करू नये, नाहीतर ‘सूर्या’चा ‘सूऱ्या’ होतो आणि ‘मर्यादा’ची ‘मऱ्यादा’.

प्रुफं तीन वेळा वाचायची. पहिलं प्रूफ दोघांनी: एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील पान पाहायचं. टंकताना दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील तर मधली ओळ हमखास गळते आणि उरलेलं वाक्य अर्थाला बरं लागत असेल तर एकट्याने वाचताना ते सापडतच नाही. दुसरं प्रूफ आठवड्याने, एकट्याने. तिसऱ्यात मजकूर वाचायचाच नाही. पानांचे आकडे, वरची शीर्षकं, अनुक्रमणिका आणि मुखपृष्ठावरचं आपलं नाव तेवढं पाहायचं. मुखपृष्ठावरची चूक सर्वांत शेवटी दिसते.

आठवणींच्या पुस्तकाला यापेक्षा निराळी मेहनत लागते, आणि इथे मात्र मास्तरकी कामाला येते. आठवण हा पुरावा धरून चालत नाही, तिला तारखेशी बांधावं लागतं. आपल्याकडे म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. ‘रझाकारात’, ‘दुष्काळात’, ‘भूकंपाच्या साली’ असं सांगतात. म्हणजे १९४७-४८, १९७२ आणि १९९३. या तीन खुंट्या आधी वहीत ठोकून घ्यायच्या आणि प्रत्येक आठवण त्यांच्या अलीकडे की पलीकडे ते विचारायचं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात आलं. त्या वेळी चार वर्षांचा असलेला माणूस पोलीस ॲक्शनचं सविस्तर वर्णन करू लागला तर ते त्याने घरात ऐकलेलं आहे. ते लिहावं, पण ‘आजी सांगायची’ म्हणून. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर. ‘संध्याकाळी जमीन हलली’ असं कुणी सांगितलं तर तो नंतरचा एखादा धक्का असणार. दुष्काळाच्या आठवणीत लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, आणि वाटपातली सुकडी येतेच. ती आली नाही तर वर्ष पुन्हा विचारावं.

कागद पाहताना दोन सापळे आहेत. पहिला जन्मतारखेचा. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर १ जून दिसली की ती गुरुजींनी नाव घालताना लावलेली तारीख आहे असं समजून चालावं. जून उजाडताच पोराला शाळेत बसवायचं, वय डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का यावर ठरवायचं आणि तारीख १ जून टाकायची, असं गावोगाव झालेलं आहे. अशा माणसाचं खरं वय दोन वर्षं इकडे किंवा तिकडे असू शकतं. दुसरा सापळा निजामी कागदांचा. जमिनीचे जुने उतारे उर्दूत असतात, कधी मोडीत, आणि साल फसली, म्हणजे निजामी महसुलाचं. त्या सालात ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो, पण फसली साल ऑक्टोबरात सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या नोंदीला ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. हे एक वर्ष चुकलं तर आजोबांनी शेत पोलीस ॲक्शनच्या आधी विकलं की नंतर, हेच उलटं होतं, आणि आपल्या भागात त्या एका वर्षाने अख्ख्या घराण्याची गोष्ट बदलते.

हयात माणसांबद्दल लिहिताना नाव बदलणं पुरेसं नाही. गाव, धंदा आणि भावंडांची संख्या तीच ठेवली तर सगळं गाव ओळखतं. तिन्हींतलं किमान दोन बदलावं, आणि ज्याच्यावर आरोप होईल असा प्रसंग कागदाच्या आधाराशिवाय छापू नये. अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे आणि ‘आठवण’ म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही. सहकाऱ्यांवर लिहायचं असेल तर निवृत्तीनंतर लिहावं, असं माझं मत. विद्यार्थ्यांवर शक्यतो लिहूच नये. वर्गात विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही साहित्याची कच्ची सामग्री नव्हे.

पुस्तक करायचं ठरलं की फर्म्याचं गणित शिकावं लागतं. डेमी आकारात १३-१४ पॉइंटच्या अक्षरात पानाला साधारण २६० शब्द बसतात. ४० हजार शब्दांची १५४ पानं, वर सहा पानं शीर्षक, हक्क, अर्पण, अनुक्रमणिका: झाली १६०. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे बरोबर दहा फर्मे. एकूण पानं १६३ झाली तर अकरावा फर्मा लावावा लागतो आणि १३ पानं कोरी जातात, किंवा अर्ध्या फर्म्याची जुळवाजुळव करावी लागते. तीन पानं कापणं त्यापेक्षा स्वस्त, आणि कथेलाही बरंच. मनोगत आधी कापावं. मास्तरांची मनोगतं लांब असतात.

करार लेखी हवा. तोंडी ‘दहा टक्के देऊ सर’ याला अर्थ नाही, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखीच लागतं. त्याच कायद्यात लेखकाच्या बाजूच्या दोन गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि दुसरं काही ठरलेलं नसेल तर हक्क घेऊन वर्षभर काहीच न केल्यास तो हक्क सुटतो. प्रकाशक ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं छापील कलम पुढे करतात, तिथे ‘या आवृत्तीपुरते’ असं हाताने लिहून दोघांनी सही करावी. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट वेगळे काढावेत. आमचं एक हस्तलिखित एका प्रकाशकाकडे तीन वर्षं पडून होतं; मागायला कागद नव्हता, त्यामुळे मागणं म्हणजे विनवणी झाली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्राच्या यंत्रणेकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो दुसऱ्या कशाचे तरी मागतोय.

पैशाबद्दल भ्रम ठेवू नये. २०० रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, ५०० प्रती. सगळ्या खपल्या तर दहा हजार रुपये, आणि त्या खपायला काही वर्षं जातात. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला १९६१च्या आयकर कायद्यातल्या ८०क्यूक्यूबी कलमाखाली तीन लाखांपर्यंतच्या मानधनावर वजावट होती; मराठी कथालेखकाला ती मर्यादा ओलांडायची चिंता कधी पडली नसावी. पैसे देऊन पुस्तक काढून घेण्यात पाप नाही, पण मग त्याला स्वखर्च म्हणावं आणि छापखान्याचा हिशेब मागावा: कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), बांधणी शिवून की नुसती डिंकाची, आणि प्रती प्रत्यक्ष किती. डिंकाच्या बांधणीचं पुस्तक आमच्या उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षी पानं सोडतं.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात वाचून अर्ज नेमका त्या मुदतीत करायचा. पुस्तक आधी छापून मग अर्ज केला तर उपयोग नाही. राज्य वाङ्मय पुरस्कारांत आत्मचरित्रासाठी लक्ष्मीबाई टिळक यांच्या नावाचा आणि कथेसाठी दिवाकर कृष्ण यांच्या नावाचा पुरस्कार आहे. प्रवेशिकेला प्रकाशनाचं वर्ष महत्त्वाचं असतं, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक घाईने काढू नये. ते त्या वर्षात धरलं जातं आणि परीक्षकापर्यंत पोचेपर्यंत कुणी वाचलेलंही नसतं. प्रकाशन समारंभाविषयी एवढंच की शाल-श्रीफळावर खर्च कमी करावा आणि टेबलावर सुटे पैसे ठेवावेत.

नोकरीत या सगळ्याचं काय होतं? पदोन्नतीच्या गुणतक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, अनुवादित पुस्तकाला ८. कथासंग्रहाचा वेगळा रकाना नाही. समितीतला एकजण तो ‘पुस्तक’ म्हणून धरतो, दुसरा ‘हे संशोधन कुठंय?’ म्हणतो. फाइलला पुस्तकाची प्रत, हक्कपान आणि छापून आलेली परीक्षणं लावावीत, पण गुण मोजताना ते धरूच नयेत. शोधनिबंध वेगळे लिहावेत. आणि अभ्यास मंडळावर असताना स्वतःचं पुस्तक अभ्यासक्रमाला लागत असेल तर त्या बैठकीतून उठून जावं. खप वाढतो, पण परीक्षेच्या धाकाने विकत घेतलेलं पुस्तक वाचून होत नाही. त्याची गाइडं निघतात.

सर्जनशील लेखनाचा दोन श्रेयांकांचा पेपर असेल तर हाताशी ३० तास असतात. हजेरीपटावर ६० नावं, वर्गात २५ मुलं. पहिल्या तासाला बंदी घातलेले शब्द फळ्यावर लिहायचे: काळी आई, बळीराजा, मायमाउली, डोळ्यांत आभाळ. मग २०० शब्द लिहायला द्यायचे: घरात सकाळी सर्वांत आधी कोण उठतं आणि ते पहिल्या दहा मिनिटांत काय करतं. २५ जणांनी वाचायचं, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे १०० मिनिटं; ४८ मिनिटांच्या दोन तासिकांत ते बसवताना एकजण राहतोच, त्याला पुढच्या वेळी पहिला घ्यायचा. मुलं स्वतःच्या घरची भाषा वाचायला लाजतात. ‘मह्या बापानं’ लिहिलेलं वाचताना ‘माझ्या वडिलांनी’ म्हणतात. कागद मागून घेऊन जसं लिहिलंय तसं आपण वाचून दाखवावं, की दुसऱ्या आठवड्यात ती आपणहून वाचू लागतात. त्या वर्गाच्या तयारीने माझी स्वतःची शब्दयादी दोन पानांवरून पाच पानांवर गेली.

छापून आलेल्या पुस्तकाची एक प्रत कपाटात वेगळी ठेवायची आणि तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर ‘दुरुस्ती प्रत’ असं लिहायचं. वाचकांचे फोन येतात तशा चुका पेन्सिलीने त्यात उतरवत जायचं, पान आणि ओळ घालून. पहिली नोंद बहुतेक करून ‘र्या’चीच असते.